चाळीस मिनिटांची फीत आणि आमच्या शाहिरांचे आवाज

इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती असतो, हे आम्ही सभेत आणि लेखात नेहमी सांगतो. पण इतिहास जपणाऱ्याच्याही हाती असतो, ही दुसरी बाजू आम्ही फारशी बोलत नाही. ज्याच्याकडे कोरडी खोली आहे, लाकडी फळी आहे आणि आपला आवाज मोलाचा आहे ही खात्री आहे, त्याचा आवाज पन्नास वर्षांनीही ऐकू येतो. ज्याचे घर दर पावसाळ्यात गळते आणि ज्याची वस्ती बुलडोझर कधी पाडील याचा नेम नाही, त्याचा आवाज त्याच्याबरोबरच जातो. मग त्याने दहा हजार लोकांना रात्रभर जागे ठेवलेले असो.

हे सांगण्यास निमित्त आहे ते अमेरिकेतील एका जुन्या ध्वनिमुद्रणाचे. १० मे १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थॅम गावी, ब्रँडाइस विद्यापीठाच्या लोकसंगीत महोत्सवात एक तरुण गायक उभा राहिला. वय २१. हातात साधी लाकडी गिटार, गळ्यात अडकविलेल्या तारेच्या चौकटीत माऊथ ऑर्गन. विजेवर चालणारे वाद्य नाही, साथीला वादक नाही. त्याच्या नावावर एकच तबकडी होती, तीही फारशी खपलेली नव्हती. त्याला जगभर नेणारी दुसरी तबकडी अजून सतरा दिवसांनी, २७ मे रोजी बाजारात यायची होती. या तरुणाचे नाव बॉब डिलन.

त्या कार्यक्रमाची फीत सॅन फ्रान्सिस्को भागातील संगीत समीक्षक राल्फ ग्लीसन यांच्या संग्रहात पडून होती. ग्लीसन १९७५ मध्ये वारले. फीत मात्र त्यांच्या घराच्या तळघरात फळीवर तशीच राहिली. चाळीसहून अधिक वर्षांनी ती सापडली, २०१० मध्ये दुसऱ्या संचाबरोबर भेट म्हणून लोकांना मिळाली आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. गाणी अवघी सात, वेळ चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. पहिल्या गाण्याची तर सुरुवातच नाही, ते मध्येच सुरू होते. तरीही जाणत्यांनी ती फीत डोक्यावर घेतली. कारण प्रसिद्धीचा झोत पडण्यापूर्वीचा गायक तिच्यात जसाच्या तसा आहे.

आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील, हा कोण गोरा गायक, आणि आंबेडकरी दैनिकात त्याचे काय काम? प्रश्न रास्त आहे. उत्तरही आम्ही सरळ देतो. ती तारीख, ते विद्यापीठ आणि ती सात गाणी यांचा आपल्या चळवळीशी संबंध आहे. आणि त्या फितीचे जपले जाणे हा तर आपल्यासाठी धडाच आहे.

प्रथम तारीख पाहा. मे १९६३ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांचा लढा पेटला होता. २ मे रोजी शाळकरी मुले हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी पोलीसप्रमुख बुल कॉनर याने त्या मुलांवर कुत्रे सोडले, बंबाच्या पाण्याचे फवारे मारले. मुले तुरुंगात गेली, पण मागे हटली नाहीत. अखेर १० मे रोजी, म्हणजे ज्या दिवशी वॉल्थॅममध्ये डिलन गात होता त्याच दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग आणि फ्रेड शटल्सवर्थ यांनी समझोत्याची घोषणा केली. दुकानांतील वेगळे नळ, वेगळी स्वच्छतागृहे, वेगळी जेवणाची टेबले हटविण्याचे गोऱ्यांना मान्य करावे लागले. दुसऱ्याच रात्री किंग यांच्या भावाच्या घरावर बॉम्ब पडले. वेगळा नळ म्हणजे काय हे महाडच्या चवदार तळ्याच्या वारसांना समजावून सांगावे लागत नाही!

आता विद्यापीठ. ब्रँडाइसची स्थापना १९४८ ची. त्याआधीच्या काळात अमेरिकेच्या नामांकित विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना ठराविक संख्येपलीकडे घेत नसत. गुणवत्ता असूनही दार बंद. तेव्हा त्या समाजाने दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याऐवजी स्वतःचे विद्यापीठ काढले आणि ते सर्वांना खुले ठेवले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, त्यामागची दृष्टी आठवावी. १९६१ ते १९६५ या काळात याच ब्रँडाइसमध्ये बर्मिंगहॅमची एक कृष्णवर्णीय मुलगी शिकत होती. तिच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते. तिचे नाव अँजेला डेव्हिस. हीच पुढे कृष्णवर्णीयांच्या लढ्यातील जगप्रसिद्ध विदुषी झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईत येऊन व्याख्यान देऊन गेली.

आणि याच विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले विद्यापीठ. वंश, धर्म, लिंग यांच्या रांगेत जात आली. साता समुद्रापलीकडे गेलेल्या आमच्या मुलामुलींना तेथेही आडनाव विचारले जाते, हे एका परदेशी विद्यापीठाने कागदावर मान्य केले. त्यानंतर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने आणि २०२३ मध्ये सिएटल शहराने तेच पाऊल उचलले. ज्या आवारात १९६३ ची ती फीत भरली गेली, त्या आवाराचे आपल्याशी नाते आहे ते असे.

आता त्या सात गाण्यांकडे वळू. पहिले गाणे, जे अर्धवट आहे, ते मुळात हेन्री टॉमस या कृष्णवर्णीय गायकाचे. टेक्सास राज्यात गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला हा माणूस रेल्वेच्या वाटेने गात फिरे. १९२७ ते १९२९ या काळात त्याची वीसेक गाणी तबकडीवर उतरली. त्यानंतर तो कोठे गेला, कसा मेला, याचा थांग नाही. डिलनने त्याचे गाणे आपल्या ढंगात बदलून गायिले आणि तबकडीवर टॉमसचे नावही दिले. पण नाव देता आले ते कशामुळे? ती वीसेक गाणी मुद्रित झाली होती म्हणून! टॉमसबरोबरचे जे शेकडो गायक कधी यंत्रासमोर उभे राहिले नाहीत, त्यांच्या चाली आज 'पारंपरिक' म्हणून खपतात. पारंपरिक हा शब्द पुष्कळदा चोरीवर घातलेले पांघरूण असतो. आमच्या किती गीतकारांच्या रचना अशाच 'पारंपरिक भीमगीत' म्हणून विकल्या गेल्या, हे वाचकांनी आठवून पाहावे.

दुसरे गाणे जॉन बर्च सोसायटीची टर उडविणारे. ही १९५८ मध्ये स्थापन झालेली कडवी उजवी संघटना. तिला जेथे तेथे कम्युनिस्ट दिसत. गाण्यातला माणूस पलंगाखाली, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात कम्युनिस्ट शोधतो आणि शोधता शोधता शेवटी स्वतःचीच चौकशी करू लागतो. गंमत अशी की या संघटनेचे मुख्य कार्यालय होते बेल्माँटला, म्हणजे वॉल्थॅमच्या अगदी शेजारच्या गावात! शत्रूच्या अंगणात उभे राहून त्याला हसणे यालाच आमच्याकडे जलसा म्हणतात. या प्रकारात गायक धड गात नाही, गिटारीच्या ठेक्यावर बोलत जातो आणि बोलता बोलता टोपी उडवतो. तमाशातली बतावणी ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रकार परका वाटणार नाही. भीमराव कर्डकांच्या पिढीने तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधन भरले आणि माणसांना हसवता हसवता पोथीपुराणाची पोल उघडी केली. येथेही तेच चालले आहे.

या गाण्याचे पुढे काय झाले ते महत्त्वाचे. दोनच दिवसांनी, १२ मे रोजी, डिलन एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाणार होता. साऱ्या अमेरिकेत पाहिला जाणारा तो कार्यक्रम. तालमीनंतर वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, हे गाणे चालणार नाही, दुसरे गा. २१ वर्षांच्या त्या पोराने दुसरे गाण्यास नकार दिला आणि तो निघून गेला. नव्या तबकडीतूनही ते गाणे वगळले गेले. दूरचित्रवाणीने जे नाकारले, कंपनीने जे गाळले, ते त्या फितीत शाबूत राहिले. सत्तेला न पटणारा आवाज फितीवर का उतरवून ठेवायचा असतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

पलंगाखाली कम्युनिस्ट शोधण्याचा तो रोग आमच्याकडेही आहे, केवळ शब्द बदलले आहेत. गुजरातच्या हिंसाचारानंतर २००२ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या गायकांना नक्षलवादी ठरविण्यात आले. शाहीर शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. गरोदर असलेल्या शीतलला जूनमध्ये जामीन मिळाला. सचिनला मात्र सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडावे लागले. हातात डफ घेऊन गाणे एवढ्या गोष्टीची किंमत आमच्या पोरांनी अशी मोजली आहे. अमेरिकेतल्या गोऱ्या तरुणाला गाणे नाकारले गेले, पण तो तुरुंगात गेला नाही. तेथल्या कृष्णवर्णीय गायकांना मात्र तुरुंग चुकला नाही. हा फरक डोळ्यांआड करून चालणार नाही.

तिसरे गाणे हॉलिस ब्राऊन नावाच्या शेतकऱ्याचे. साऊथ डकोटातील उजाड रान, आटलेली विहीर, भुकेने रडणारी पाच मुले. शेवटी तो बायको, मुले आणि स्वतः असे सात जीव संपवितो. ही कल्पित कथा. पण १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले, ही कल्पित कथा नाही. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येची चर्चा आजही त्या घटनेपासून सुरू होते. डिलन त्या गाण्यात कोणाला शिव्या देत नाही, भाषण करीत नाही. एकच ठेका शेवटपर्यंत चालू ठेवतो आणि ऐकणाऱ्याला त्या घरातून बाहेर पडू देत नाही. घोषणा न देताही गाणे कसे चढते, हे आमच्या नव्या गायकांनी या ठिकाणी शिकण्यासारखे आहे.

चौथे गाणे शस्त्रांच्या व्यापाऱ्यांवर आहे. स्वतः टेबलामागे बसून दुसऱ्यांची पोरे रणांगणावर धाडणाऱ्यांवर. पाचवे अणुयुद्धानंतरच्या ओसाड शहराचे स्वप्न सांगते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या कडेला येऊन ठेपले होते. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अंगावरचा काटा अजून उतरलेला नव्हता. सहावे दुरावलेल्या जुन्या मित्रांचे. सातवे खोटी तिकिटे विकून बोटीत क्षमतेबाहेर माणसे कोंबणाऱ्या नफेखोरीवर. १९६१ मधील वर्तमानपत्राच्या एका बातमीवरून ते रचले होते. सकाळी बातमी वाचावी आणि संध्याकाळी तिचे गाणे करावे, ही तर आपल्या शाहिरांची जुनी रीत!

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. आम्हाला व्यक्तिपूजा करावयाची नाही. डिलनने त्याच वर्षी ६ जुलैला मिसिसिपीतील ग्रीनवूड गावी मतदार नोंदणीच्या मेळाव्यात गायिले, २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात गायिले, हे खरे. पण १९६४ नंतर तो चळवळीच्या गाण्यांपासून दूर गेला. पुढे २०१६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी त्याचा कागदपत्रांचा संग्रह ओक्लाहोमातील टुल्सा शहराकडे गेला आणि मे २०२२ मध्ये तेथे त्याच्या नावाचे केंद्र उघडले. या टुल्साचा इतिहास ठाऊक आहे काय? १९२१ मध्ये याच शहरातील ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळून बेचिराख केली. कित्येक दशके त्या हत्याकांडाचा उल्लेख शाळेच्या पुस्तकातही नव्हता. एका गायकाच्या वह्यांना तेथे काचेची कपाटे मिळाली. जळालेल्या वस्तीच्या गाण्यांचे काय झाले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मग अनुकरण कोणाचे करायचे? आम्ही नाव घेऊ बर्निस जॉन्सन रेगन यांचे. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनीच्या लढ्यात त्या तुरुंगात गेल्या, म्हणून कॉलेजने त्यांना काढून टाकले. १९६२ मध्ये 'फ्रीडम सिंगर्स' या गायकचमूच्या त्या संस्थापक सदस्य झाल्या आणि गावोगाव गात फिरल्या. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. पुढे त्या इतिहासाच्या डॉक्टर झाल्या, स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेत शिरल्या आणि सभांतून, चर्चमधून गायिली गेलेली लढ्याची गाणी त्यांनी जमविली. १९८० मध्ये त्या गाण्यांचा तीन तबकड्यांचा संच निघाला. जुलै २०२४ मध्ये त्या गेल्या, पण त्यांच्या लोकांचा आवाज मागे ठेवून गेल्या. ज्यांनी गाणी गायिली त्यांनीच ती जपली, हा खरा आदर्श.

आता आपल्याकडे पाहू. आंबेडकरी जलशांनी १९३० च्या दशकापासून खेडोपाडी बाबासाहेबांचा विचार पोचविला. त्या जलशांची आज उरलेली खूण म्हणजे प्रामुख्याने कागदावरची गाणी आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी. ऐकणारे तर एकेक करून चालले. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक शाळेत गेले नाहीत, मोठेपणी मुंबईत अक्षरे गिरवली आणि हजारो गाणी लिहिली. २००४ मध्ये ते गेले. त्यांच्या चालत्या कार्यक्रमातला आवाज, मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलणे, ढोलकीवाल्याला केलेली खूण, हे सारे पुस्तकात येत नाही. ते ज्या कॅसेटींत आहे, त्या कॅसेटी कोणाच्या पेटीत आहेत?

शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आपल्याजवळ का उरला? १९८५ च्या 'हमारा शहर' या झोपडपट्टीवरच्या माहितीपटात आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे चित्रित केले म्हणून. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण शहीद झाले आणि १५ जुलैला घोगरे यांनी आपले जीवन संपविले. त्यानंतर चौदा वर्षे खपून पटवर्धनांनी 'जयभीम कॉम्रेड' हा माहितीपट २०११ मध्ये पूर्ण केला. आणि हे पटवर्धन १९७२ मध्ये पदवीधर झाले ते कोठून? त्याच ब्रँडाइस विद्यापीठातून! योगायोग म्हणा. पण एका शाहिराचा आवाज टिकण्यासाठी कोणी कॅमेरावाला यावा लागतो, आणि जेथे तो आला नाही तेथे काळोख, ही स्थिती समाजाला शोभणारी नाही.

फीत म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटविलेली लोहाची भुकटी. दमट हवेत चिकट पदार्थ सुटतो, बुरशी धरते, आवाज उडतो. लाऊडस्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवली तरी बिघडते. मुंबईच्या चाळीत आणि कोकणच्या पावसात तिचे आयुष्य किती, हे सांगणे नलगे. म्हणून आम्ही समाजबांधवांना आणि भगिनींना सांगतो. १४ एप्रिलच्या, ६ डिसेंबरच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या, लग्नाच्या, नामकरणाच्या ज्या कॅसेटी घरात आहेत, त्या भंगारवाल्याला देऊ नका. त्यांच्या वरच्या कडेचे दोन छोटे तुकडे मोडा, म्हणजे चुकून दुसरे काही भरले जाणार नाही. बुरशी दिसली तर वाजवून पाहू नका, जाणकाराकडे न्या. संगणकावर उतरविताना मूळ दर्जाची प्रत ठेवा आणि तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सर्वांत महत्त्वाचे, लिहून ठेवा. गायक कोण, गीत कोणाचे, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोणत्या बाया होत्या, गाव कोणते, तारीख कोणती. नाव नसलेला आवाज उद्या 'पारंपरिक' होतो.

आमच्या शाहिरांना हे कळत होते. म्हणून तर त्यांनी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफले. ज्याच्याजवळ छापखाना नव्हता, ध्वनिमुद्रण यंत्र नव्हते, त्याने गाण्यातच आपली सही करून ठेवली. ती सही पुसली जाऊ न देणे एवढेच आपले काम आहे. प्रत्येक तालुक्याच्या बुद्धविहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी आवाजाचे एक कपाट असावे. त्यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहू नये, कारण ज्या व्यवस्थेवर ही गाणी प्रहार करतात ती व्यवस्था त्यांच्यासाठी कपाट करून देणार नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशाच्या एका हिश्शात हे काम होईल.

वॉल्थॅमच्या त्या रात्री गाणाऱ्या पोराला ठाऊक नव्हते की त्याची चाळीस मिनिटे पन्नास वर्षे जगतील. कोणीतरी फीत फळीवर ठेवली, एवढ्यानेच ती जगली. आमच्या शाहिरांनी तर रात्रीच्या रात्री दिल्या आहेत. आता फळी आपण द्यायची आहे.

जयभीम!